रॅम जुनी, पण तिची आठवण शाबूत आहे का?

संगणक अडकला की आपल्याकडे निदान ठरलेले असते : व्हायरस. उपचारही ठरलेला असतो : फॉरमॅट मारून द्या. दुकानदार विंडोज नव्याने टाकून देतो, पैसे घेतो आणि चार दिवस यंत्र बरे चालते. पाचव्या दिवशी ऐन अर्ज भरताना पुन्हा निळा पडदा येतो. मग दुसरा दुकानदार, दुसरे फॉरमॅट. यात अनेकदा असे घडते, की बिचाऱ्या विंडोजचा काही दोष नसतो आणि व्हायरसचाही नसतो. दोष असतो मदरबोर्डवर उभ्या खोचलेल्या, बोटभर रुंदीच्या हिरव्या पट्टीत. तिला आपण रॅम म्हणतो. तीच पट्टी दुसऱ्याच्या जुन्या संगणकातून काढून आपल्याला विकलेली असेल, तर हा संशय आधी घ्यायला हवा.

पुसेगाव म्हटले की अनेकांना साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. इथे बोलायचे आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाबद्दल. आणि खरे तर त्याच्यासारख्या कुठल्याही मोठ्या खेड्याबद्दल. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला ही सगळी कामे आता सेवा केंद्राच्या एका संगणकातून जातात. हा संगणक बहुधा नवा कोरा नसतो. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली यंत्रे घाऊक मोडीत काढतात, ती साफसूफ होऊन जिल्ह्याच्या गावी येतात आणि तिथून खेड्यात. यात गैर काही नाही. चांगल्या कंपनीचे पाच वर्षे वापरलेले यंत्र नव्या स्वस्त यंत्रापेक्षा दणकट निघते, हे दुरुस्तीवाले सांगतात आणि ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की त्यातला कुठला भाग थकला आहे हे बाहेरून दिसत नाही.

सध्या हा प्रश्न जास्त टोचण्याची दोन कारणे आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबवली. त्यामुळे विंडोज ११ न पेलणारी असंख्य यंत्रे एकदम जुन्या बाजारात आली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांनी मेमरी चिप बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांचा माल ओढून घेतला. नवी पट्टी महाग, जुनी मुबलक. मग जुन्या पट्टीला गिऱ्हाईक मिळणारच, आणि खराब पट्टीही चांगलीच्या ढिगात मिसळून जाणार.

आधी ही पट्टी काम कशी करते ते पाहू, म्हणजे ती बिघडते कशी हे कळेल.

आयबीएम कंपनीतले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एक कल्पना सुचली आणि १९६८ च्या जूनमध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. तोवर एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, लक्षात ठेवायला अनेक ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड म्हणाले, एकच ट्रान्झिस्टर पुरे, सोबत एक इवलासा कपॅसिटर द्या. कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारी वाटी. वाटी भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य. ट्रान्झिस्टर ही त्या वाटीची तोटी. बस्स, इतकेच. आज जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकाची आणि मोबाइलची चालू आठवण याच रचनेवर उभी आहे. डेनार्ड २०२४ साली वारले. आपल्या वृत्तपत्रांत त्याची बातमी फारशी दिसली नाही, ही वेगळी गोष्ट.

या रचनेत एक मूळचीच अडचण आहे. वाटी गळते. तिच्यात मावतात थोडेच इलेक्ट्रॉन, आणि ते हळूहळू झिरपून जातात. म्हणून संगणक प्रत्येक वाटी पुन्हा पुन्हा वाचतो आणि भरून ठेवतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळ्या वाट्यांवरून हा फेरा होतो. वीज गेली की फेरा थांबतो आणि आठवण पुसते. उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणून चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर हा फेरा दुप्पट वेगाने करावा, असा या उद्योगाचा नियमच आहे.

आता आकडा बघा. ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी वाट्या असतात. त्यातली एक जरी इतरांपेक्षा जास्त गळकी असेल आणि फेरा येण्याआधीच रिकामी होत असेल, तर तिथे ठेवलेला एक शून्य होऊन परत येतो. बाकीच्या ६,८७१ कोटी आणि काही लाख वाट्या ठणठणीत असल्या तरी फरक पडत नाही.

एका बिटाने काय बिघडते, असे वाटेल. संगणकात १ हा आकडा ००११०००१ असा लिहिला जातो आणि ९ हा आकडा ००१११००१ असा. फरक एकाच बिटाचा. बँक खात्याच्या क्रमांकात किंवा गट नंबरात १ च्या जागी ९ यायला एवढे पुरते. देवनागरीचेही तसेच. युनिकोडच्या मांडणीत ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. ‘गोरे’ आडनावाच्या शेतकऱ्याचा अर्ज ‘कोरे’ या नावाने गेला, तर आपण टंकलेखकाला बोल लावू. बहुतेक वेळा चूक त्याचीच असेल, हे मान्य. पण यंत्राला ती करायला किती थोडे लागते, हे ध्यानात यावे म्हणून हे उदाहरण.

प्रत्यक्षात घडलेले उदाहरण बेल्जियमचे आहे. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या शारबेक इथे एका उमेदवाराला तिच्या वाट्याला येणे शक्य नव्हते इतकी मते पडली. फेरमोजणीत ४,०९६ मते जास्तीची निघाली. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे; म्हणजे मोजणीतला नेमका तेरावा बिट शून्याचा एक झाला होता. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून येणाऱ्या एखाद्या कणाने बिट उलटला असावा, असा निष्कर्ष चौकशीत पुढे आला. आकडा अशक्य होता म्हणून चूक पकडली गेली. चारच मते वाढली असती तर?

अवकाशातल्या कणाने बिट उलटणे ही कादंबरीतली गोष्ट नाही. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीतल्या टिमथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणातल्या अत्यल्प किरणोत्सारी अंशातून सुटणारे अल्फा कणसुद्धा ही वाटी रिकामी करू शकतात. नंतर वैश्विक किरणांचाही हात सिद्ध झाला. शरीरात बसवलेल्या, हृदयाला झटका देऊन ठोके सावरणाऱ्या यंत्रांच्या मेमरीत असे बिट उलटल्याच्या नोंदी १९९८ साली संशोधकांनी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या छातीत असे यंत्र आहे त्यांनी घाबरू नये. अशा यंत्रांत चूक ओळखण्याची सोय ठेवलेली असते. पण आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकात ती बहुधा नसते.

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करायला हव्यात. कण येऊन आदळला, बिट उलटला, पुन्हा लिहिले की सगळे ठीक : ही तात्पुरती चूक. वाटीच गळकी, तार तुटकी, टाका सैल : ही कायमची चूक. पहिलीवर आपला इलाज नाही. दुसरी तपासून शोधता येते. मग प्रमाण कशाचे जास्त?

बरीच वर्षे समज असा होता, की बहुतेक चुका तात्पुरत्या असतात. गूगलच्या हजारो सर्व्हरवर अडीच वर्षे ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास बियांका श्रोडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडला आणि तो समज उलटला. वर्षभरात दर शंभरातल्या सुमारे आठ पट्ट्यांत किमान एक चूक सापडत होती. ज्या पट्टीने एकदा चूक केली, तीच त्याच महिन्यात पुन्हा चुकण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट होती. म्हणजे बहुतेक दोष पट्टीतलेच, आकाशातले नव्हेत. वय वाढले की चुका वाढतात, हेही दिसले. गंमत म्हणजे तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाला. पण ती वातानुकूलित केंद्रांतली मोजणी. पत्र्याखालच्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी धुळीने पंखा जाम झालेला संगणक ही परिस्थिती त्या अभ्यासात नव्हती.

जुनी रॅम घेणाऱ्याला या अभ्यासातून मिळणारी गोष्ट सरळ आहे. खराब पट्टी पुन्हा पुन्हा चुकते, म्हणून ती तपासात सापडते.

तपास म्हणजे नेमके काय? तत्त्व पोरखेळाइतके सोपे आहे. प्रत्येक जागी काहीतरी लिहायचे, मग वाचायचे, आणि तेच परत आले का ते बघायचे. अवघड आहे ते ‘काय लिहायचे’ हे ठरवणे. सगळीकडे एक लिहून वाचले तर कायम शून्यावर अडकलेली वाटी सापडेल, पण कायम एकावर अडकलेली सुटेल. म्हणून नंतर सगळीकडे शून्य. तरीही शेजारच्या वाटीत एक असला की बिघडणारी वाटी सुटेल. म्हणून एकाआड एक शून्य-एक, मग नेमके त्याच्या उलट. शक्य त्या सगळ्या जुळण्या तपासू म्हटले, तर अवघ्या हजारभर बिटांच्या चिपलाही विश्वाचे वय पुरणार नाही. त्यामुळे अभियंत्यांनी हुशार फेऱ्या बसवल्या आहेत. पहिल्या घरापासून शेवटपर्यंत वाचत आणि उलटे लिहित जायचे, मग शेवटच्या घरापासून मागे यायचे. वर जाताना न दिसलेला शेजाऱ्याचा उपद्रव खाली येताना दिसतो.

एक फेरी पत्त्यांची असते आणि मला ती सगळ्यांत आवडते. प्रत्येक जागेत तिचा स्वतःचाच पत्ता लिहून ठेवायचा, जणू प्रत्येक दारावर घर क्रमांक रंगवायचा. नंतर पोस्टमन फिरवायचा. पत्त्याची एखादी तार तुटली असेल तर दोन वेगळ्या पत्त्यांवर निघालेला पोस्टमन एकाच दारात पोचतो, आणि दुसऱ्यांदा रंगवलेल्या क्रमांकाने पहिला पुसलेला असतो. पट्टीवरची माहिती बदलून ४ जीबीची पट्टी ८ जीबी म्हणून कोणी गळ्यात मारली असेल, तर तीही लबाडी इथे उघडी पडते.

आणखी एक फेरी निव्वळ थांबण्याची. लिहायचे, काही मिनिटे हात लावायचा नाही, मग वाचायचे. हळू गळणाऱ्या वाट्या इथे सापडतात.

हे सगळे करणारा कार्यक्रम फुकट मिळतो. ‘मेमटेस्ट ८६’ हा ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिला. त्यापासून निघालेला ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा मुक्त कार्यक्रम २००४ पासून आहे आणि २०२२ साली तो नव्या संगणकांसाठी पुन्हा लिहिला गेला. तो पेन ड्राइव्हवर टाकतात आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करतात. विंडोज चालूच होत नाही, कारण विंडोज चालू असताना रॅमचा बराचसा भाग तीच अडवून बसते आणि तेवढा भाग तपासता येत नाही. पडद्यावर फेऱ्यांची संख्या आणि चुकांची संख्या दिसत राहते. एवढी खटपट नको असेल तर विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची सोय आहे. स्टार्टमध्ये ‘मेमरी’ टाइप केले की ती सापडते. ती संगणक पुन्हा सुरू करून तपासते. तपास चालू असताना एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ हा लांबचा पर्याय निवडावा, नाहीतर वरवरचाच तपास होतो.

किती चुका चालतील? एकही नाही. इथे पस्तीस टक्क्यांना पास नसते. एक चूक दिसली की पट्टी संशयित.

मात्र संशयित म्हणजे दोषी नव्हे, आणि इथेच घाईने चांगल्या पट्ट्या भंगारात जातात. चूक दिसली की पहिले काम : संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि पट्टी काढा. तिच्या कडेला सोनेरी दाते असतात. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक ते खोडरबराने घासतो, आणि शहरातले लोक याला हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. दात्यांवर बसलेला घामाचा, धुळीचा, दमट हवेचा थर निघतो आणि संपर्क सुधारतो. ‘मेलेली’ रॅम एवढ्यावर उठून बसते, हे अनेकांनी पाहिले आहे. फक्त खोडरबर मऊ, पांढरा हवा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको. सोन्याचा तो मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि एकदा गेला की गेला. घासल्यावर रबराचा भुगा ब्रशने झाडायचा. मदरबोर्डवरच्या खाचेतली धूळही काढायची. मग पुन्हा तपास.

चुका तरीही येत असतील तर पट्ट्या एकेक करून लावायच्या. दोन पट्ट्या असतील तर आधी एक, मग दुसरी, दोन्ही एकाच खाचेत. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. पट्टी कुठलीही लावा, चूक त्याच खाचेत राहिली तर दोष खाचेचा किंवा मदरबोर्डचा. चूक प्रत्येक वेळी वेगळ्याच पत्त्यावर, कधी येते कधी नाही, अशी असेल तर रॅमला सोडा आणि वीज पुरवणारा डबा तपासा. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या गावात हा डबा आधी थकतो आणि त्याचे पाप रॅमच्या माथी येते. याउलट, प्रत्येक फेरीत तोच पत्ता आणि तोच बिट चुकत असेल तर वाद संपला. ती वाटी फुटकी आहे. डॉक्टर ताप कधी येतो, कुठे दुखते हे विचारतो, तसेच हे. नुसता ‘ताप आहे’ हा आकडा पुरेसा नसतो.

कारखान्यातही हेच चालते, फक्त जास्त कठोरपणे. नव्या चिपा जास्त तापमानात आणि जास्त दाबावर मुद्दाम छळल्या जातात, म्हणजे कच्च्या असतील त्या तिथेच मरतात. शिवाय प्रत्येक चिपमध्ये वाट्यांच्या काही ओळी राखीव ठेवलेल्या असतात. तपासात एखादी ओळ खराब निघाली तर तिचा पत्ता कायमचा राखीव ओळीकडे वळवतात. म्हणजे आपण कोरी म्हणून घेतलेली चिपसुद्धा आतून रफू केलेली असू शकते. यात फसवणूक नाही. तसे केले नाही तर फारच थोड्या चिपा बाजारात पोचतील आणि आजच्या भावात तर कधीच मिळणार नाहीत. गुजरातेत साणंदला मायक्रॉन कंपनीचा जो प्रकल्प २०२३ साली मंजूर झाला, तो चिपा घडवण्याचा नसून त्या बांधण्याचा आणि तपासण्याचाच आहे. तपासणी हा स्वतंत्र कारखाना उभारण्याइतका मोठा उद्योग आहे, एवढे यावरून दिसेल.

हिंगोली जिल्ह्याच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण देता येईल. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो टिपायचा, असे तिचे काम. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा हजारो किलोमीटर अंतरावर बांधल्या, त्याचे एक कारण हेच, की एकीत दिसलेली थरथर खरी की जवळून गेलेल्या ट्रकची, हे दुसरीला विचारता यावे. पट्टी एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावून बघणारा मेकॅनिक वेगळे काही करत नाही.

जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. २०१४ साली योंगू किम, ओनुर मुतलू आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेमरीतली एकच ओळ फार वेगाने पुन्हा पुन्हा वाचत राहिले तर तिच्या शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. भिंतीवर सारखे हातोडे मारले की शेजारच्या खोलीतली तसबीर पडावी, तसे. तीन कंपन्यांच्या १२९ पट्ट्या त्यांनी तपासल्या, त्यांतल्या ११० मध्ये हा दोष निघाला. २०१२ आणि २०१३ साली बनलेल्या तर सगळ्याच. त्या काळातल्या डीडीआर३ पट्ट्या आजही जुन्या बाजारात फिरत आहेत. काही तपास कार्यक्रमांत या ‘हातोड्या’ची वेगळी फेरी असते. फक्त त्या फेरीत चूक आली आणि बाकी सगळ्या फेऱ्या स्वच्छ गेल्या, तर पत्रे लिहायला आणि अर्ज भरायला ती पट्टी चालेल, असे माझे मत. बँकेचे किंवा दवाखान्याचे काम असेल तर बदलावी.

विकत घेतानाच्या गोष्टी थोडक्यात. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते, आणि जोर लावून बसवणारे महाभाग मदरबोर्ड घालवतात. ऑनलाइन फार स्वस्त दिसणारी १६ किंवा ३२ जीबीची पट्टी बहुधा सर्व्हरची असते. तिच्यावर ‘रजिस्टर्ड’ असे लिहिलेले असेल तर ती साध्या संगणकात चालणार नाही, कितीही चांगली असली तरी. सर्व्हरच्या पट्टीवर चिपांची संख्या आठाऐवजी नऊच्या पटीत दिसते. ती नववी चिप चुका पकडण्यासाठी असते. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेले चूक दुरुस्तीचे गणित तिच्यात राबत असते. हे गणित घराघरांतल्या संगणकांना का दिले नाही, याचे उत्तर ‘पैसे वाचवायला’ याहून वेगळे मला सापडलेले नाही.

जुन्या रॅममध्ये आधीच्या मालकाची माहिती राहते का, असे लोक विचारतात. वीज गेल्यावर साध्या तापमानाला ती काही सेकंदांत, फार तर मिनिटांत विरते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली चिपा गोठवून ती कितीतरी मिनिटे टिकवून दाखवली होती, पण बाजारातून आलेल्या पट्टीत काही उरत नाही. भीती बाळगायची ती हार्ड डिस्कची. तिच्यात सगळे राहते, आणि जुना संगणक विकताना लोक नेमकी तीच तशीच देतात.

आता नापास झालेल्या पट्टीचे काय होते? इथे हा विषय आरोग्याचा होतो. भंगारवाल्याला रॅमचे मोल कळते ते सोनेरी दात्यांमुळे. दाते कापून आम्लात बुडवायचे, सोन्याचा पापुद्रा गाळून घ्यायचा आणि उरलेले आम्ल नाल्यात ओतायचे, असा धंदा देशातल्या अनेक वस्त्यांत चालतो. आम्लाच्या वाफा फुप्फुसात जातात. फार जुन्या पट्ट्यांवरचे टाके शिसे मिसळलेले असतात; पूर्वीच्या नेहमीच्या झाळात सुमारे ३७ टक्के शिसे असे. तापवले, जाळले की ते धुरात आणि धुळीत उतरते, आणि शिशाचा सर्वाधिक घाव बसतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर. त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मुले आणि ई-कचरा यावर स्वतंत्र अहवाल काढला, तो याच चिंतेतून. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्यांनीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. सेनगावच्या मेकॅनिकपर्यंत हे पोचायला वेळ लागेल. तोवर एवढे तरी करता येते, की खोडरबराने वाचणारी पट्टी आम्लात जाऊ नये आणि खरोखर मेलेली पट्टी किलोवर विकण्याऐवजी नोंदणीकृत गोळा करणाऱ्यासाठी डब्यात साठवून ठेवावी. ती कुजत नाही, वास मारत नाही.

एक व्यवहाराची अडचण राहिली. जाणकार सांगतात, तपास रात्रभर चालू द्या. ८ जीबीला एक पूर्ण फेरी तासाभराची, जुन्या यंत्रात त्याहून लांब. आणि अधूनमधून चुकणारी पट्टी चौथ्या-पाचव्या फेरीत पकडली जाते, म्हणून रात्र हवी. पण वीज मध्येच गेली की तपास पहिल्यापासून. ज्या गावात सलग आठ तास विजेची खात्री नाही तिथे एक-एक फेरीचे तुकडे करावेत : एक फेरी सकाळी, यंत्र थंड असताना, आणि एक दुपारी, यंत्र दोन-तीन तास चालून चांगले तापल्यावर, कॅबिनेटचे झाकण लावूनच. झाकण काढून, समोर पंखा लावून केलेला तपास दुकानात पास होतो आणि सेवा केंद्रात नापास. पट्टी विकत घेताना दुकानदाराला दुपारची ती फेरी आपल्यासमोर लावायला सांगावी, आणि तो ‘काही गरज नाही, मी बघितलंय’ म्हणाला तर पट्टी परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.